दुसरं बटण

'तिने त्याच्या शर्टाचं दुसरं बटण काढलं.' मनातल्या मनात वाचायला हे वाक्य वाईट नाही. पण संगणकाने ते फलाटावरच्या सूचनेच्या सुरात, खणखणीत इंग्रजीत, घरभर वाचून दाखवलं.

गेमचं नाव सांगत नाही. प्रौढांसाठीचा आहे, दोन हौशी माणसांनी बनवलेला, रेन'पाय या कथेचे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. रेन'पायच्या गेममध्ये 'व्ही' दाबला की पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला जातो. न दिसणाऱ्या खेळाडूंसाठी केलेली ही सोय उत्तमच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. मी मित्राला रोमन लिपीत 'वेळ लागेल' असं टाईप करत होतो, पुढे खिडकी मात्र गेमची होती, आणि हेडफोनने दोन मिनिटांपूर्वीच मान टाकली होती. एवढंच.

मी घाबरून माउस फिरवला. तो ज्या पर्यायावर जाई, तो पर्याय यंत्र वाचून दाखवी. "तिला जवळ घे." "दिवा मालव." "दोन्ही." एस्केप दाबलं तर मेन्यूही वाचला.

"दुसरं बटण?" दारातून आवाज आला. "मग पहिलं कधी काढलं?"

आत्या! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, वाचायची बंदी. सगळा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला.

"मी कंट्रोल दाबून थोडं पुढे पळवलं होतं," मी म्हणालो. माणूस पकडला गेला की नको तेवढं खरं बोलतो.

"गाळायचं नाही. मागे घे."

मागे घेता येतं, ही या गेमांची मोठीच कृपा आहे. माउसचं चाक उलटं फिरवलं की बोललेलं वाक्य परत तोंडात जातं. आयुष्यात ही सोय असती तर मी तेव्हाच वापरली असती. आत्याने खुर्ची ओढली.

"'मोर बेटर' म्हणाली ती? नुसतं बेटर पुरे. आणि 'शी डोन्ट'? हे लिहिणाऱ्याला कोणी शिकवलं?"

कथा म्हणाल तर खरंच चांगली आहे. बंदरावर रेडिओ सांभाळणारी एक बाई, बोटी दुरुस्त करणारा एक माणूस, दोघंही चाळिशीपलीकडचे, दोघांचीही एकेकदा फसगत झालेली. बटणाच्या प्रसंगाआधी दोघं बराच वेळ दिवा चालू ठेवायचा की नाही यावरच अवघडत बोलतात. इतकं खरं संभाषण मी मोठमोठ्या कंपन्यांच्या गेममध्येही ऐकलेलं नाही. २०२५च्या जुलैत पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या दबावाखाली इच.आयओ या छोट्या निर्मात्यांचे गेम विकणाऱ्या साइटने प्रौढांचे गेम शोधातून काढून टाकले, तेव्हा ही कलाच आहे असं मी मित्रांना तावातावाने सांगत होतो. आत्यासमोर एकही मुद्दा आठवेना.

पण त्या दिव्यापर्यंत पोचायला बोट रंगवावी लागते. रोज संध्याकाळी तिच्या बोटीला एक हात दिला की विश्वासाचा एक गुण मिळतो. किती गुण हवेत, ते कुठे दिसत नाही. मी अठरा दिवस रंगवली.

"एका बोटीला रंगाचे हात देतात किती?" आत्याने विचारलं. "बुडेल ना ती वजनाने! आणि रोज तेच वाक्य? 'आज वारा छान आहे.' अठरा दिवस?"

"त्यांनी एकच लिहिलंय."

"मग एकच दिवस ठेवायचा."

हे मी त्या दोघांना तीन वेळा लिहून कळवलं आहे. उत्तर आलं, की यामुळे खेळाला खोली येते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. माझे चार तास नुसत्या रंगात गेलेत. त्यात दुसऱ्या प्रकरणात रेडिओ बंद केलात तर आठव्या प्रकरणात ती दारच उघडत नाही. हे आधी कोण सांगणार? आणि नेमक्या त्याच निवडीपाशी मागे जायचं चाक त्यांनी मुद्दाम अडवून ठेवलंय. ही खोली नव्हे, खड्डा आहे. तो मी एकदा पडून ओळखला, आणि सगळं पहिल्यापासून खेळलो.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की आत्या खुर्ची घेऊन हजर. हेडफोन चार्ज केलेत, त्यांचा आता उपयोग नाही. मोक्याच्या प्रसंगाला मी पाणी प्यायला उठतो आणि परत येतो तेव्हा ती क्रियापदं मोजत असते.

काल गेमची नवी आवृत्ती आली. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की जुने सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेले खेळ, चालणार नाहीत. मेन्यूत नवं गाणं घातलंय. बोट पुन्हा कोरी.

आत्याला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली.

"सुरू कर," म्हणाली. "आणि या वेळी पहिलं बटण पळवू नकोस."