बाघचा पडदा लावाच, पण काचेकडे अस्तर पांढरं ठेवा

नमस्कार ताई,

फिरत्या घरातले रंग आणि कापड यांवर मी लिहिलं होतं, त्यात सीटला मध्यम छटेचा मिश्र धागा आणि पॉलिएस्टर सुचवलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. तुम्ही म्हणता, मी सुचवलेले रंग लावले तर गाडीचा दवाखाना होईल. हातछपाईच्या कापडाचं बाघ आणि साड्यांचं महेश्वर एवढे जवळ असताना इंदूरच्या माणसानं पॉलिएस्टरची भलामण करावी याची तुम्हाला लाज वाटते. सीटच्या आणि पडद्याच्या रंगाचा उकाड्याशी काही संबंध नाही, ऊन तर छतावर पडतं. आणि शेवटी, पुढच्या महिन्यात तुमची ट्रॅव्हलर व्हॅन फिरतं घर करायला बॉडीवाल्याकडे जाणार आहे, आत मोरपंखी आणि डाळिंबीच लागणार, कोणी काही म्हणो.

लावा की! पण कुठे, एवढंच मला सांगायचं आहे. गाडीच्या आत सहा-सात फुटांच्या अंतरात चार वेगवेगळे हवामान असतात. काचेपाशी ऊन, बिछान्यापाशी घाम आणि दमट हवा, शेगडीपाशी जाळ, दारापाशी धूळ. घरात आपण पूर्ण खोलीला एक रंग ठरवतो आणि ते चालून जातं. इथे एका जागी उत्तम ठरलेलं कापड तीन फुटांवर वाया जातं.

तुमचा उन्हाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे त्याच्यावर टेकलेले आहेत. छताबद्दल तुमचं बरोबर आहे. छत बाहेरून पांढरं हवं आणि पत्र्याखाली इन्सुलेशन हवं. आतून छताला कोणता रंग दिला यानं उकाड्यात काडीचा फरक पडत नाही. पण खिडक्यांचं काय? ट्रॅव्हलरला दोन्ही बाजूंनी काचा असतात आणि बॉडीवाले त्यातल्या निम्म्या तरी ठेवतात. काचेतून ऊन प्रकाश म्हणून आत येतं, सीटवर किंवा पडद्यावर पडतं, तिथे त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता काचेतून तशी परत जात नाही. गडद कापड अंगावर पडलेल्या उन्हातला बहुतेक भाग पिऊन टाकतं. पांढरं कापड बराचसा भाग प्रकाश म्हणूनच परत फेकतं, आणि प्रकाशाला काच अडवत नाही. म्हणजे रंगाचा संबंध आहे, पण जिथे ऊन थेट पडतं तिथेच, आणि कापडाच्या उन्हाकडच्या बाजूलाच.

काळी फिल्म लावू, असं बॉडीवाला नक्की सुचवेल. त्याच्या नादी लागू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मवर बोट ठेवल्यापासून पोलीस रस्त्यात उभं करून ती सोलून काढतात. मग उरतं काय? थांबलेल्या गाडीला बाहेरून सावली, म्हणजे ताडपत्री किंवा कॅनव्हासचा छज्जा, कारण ऊन काचेच्या बाहेरच अडवणं केव्हाही चांगलं. आणि आतून पडदा.

आता या पडद्यात तुमचं बाघ बसतं. पडदा दुहेरी शिवा. काचेकडे पांढरं, घट्ट विणीचं अस्तर, आणि तुमच्याकडे बाघ, डाळिंबी, मोरपंखी, जे आवडेल ते. ऊन अस्तर झेलेल, रंग तुम्ही बघाल. दोन-तीन उन्हाळ्यांत अस्तर पिवळं पडून विरेल, तेव्हा तेवढंच उसवून बदलायचं. त्यासाठी ते बाघला मशीननं कायमचं जोडू नका, वरच्या पट्टीत वेल्क्रोनं अडकवा. अस्तराला केसमेंट किंवा दोसुती असं साधं पांढरं सुती कापड पुरतं. मागे रबराचा लेप दिलेलं ब्लॅकआऊट कापड मला स्वतःला आवडत नाही. उन्हात तो लेप चिकट होतो आणि घडीवर तडकतो.

बाघ या कामाला योग्य का, तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल समजूत घालतोय. धार जिल्ह्यातल्या बाघचे खत्री कारागीर तुरटीवर आलिझरीन या रंगद्रव्याचा लाल चढवतात, काळा लोखंडापासून करतात, आणि कापड धावड्याची फुलं घातलेल्या तांब्याच्या कढईत उकळतात. तिथे रंग धाग्याला धातूच्या क्षाराच्या मध्यस्थीनं पक्का बसतो, म्हणून हे दोन्ही रंग पाण्याला आणि उजेडाला बरेच टिकतात. याउलट हळदीचा पिवळा उन्हात बघता बघता उडतो. ‘नैसर्गिक रंग’ एवढी चिठ्ठी वाचून भुलू नका, कोणता नैसर्गिक रंग ते विचारा.

गिरणीच्या कापडाला उजेडाची परीक्षा असते. ब्लू वूल नावाच्या मापात १ ते ८ गुण देतात, ८ सगळ्यात पक्का. काचेजवळच्या कापडाला ६ च्या खाली जाऊ नका. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये हा आकडा विचारलात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील, पण सोफ्याच्या कापडाच्या चांगल्या शेड कार्डाच्या पाठीमागे तो बहुधा छापलेला असतो. हातछपाईला असा आकडा नसतो. तिथे एक तुकडा घ्या, निम्मा पुठ्ठ्याखाली दाबा आणि पंधरा दिवस गच्चीवर ठेवा. मे महिन्यातलं इंदूरचं ऊन लबाडी करत नाही.

महेश्वरीच्या बाबतीत मात्र मी तुमचं ऐकणार नाही. ताणा म्हणजे उभा धागा रेशमाचा आणि बाणा म्हणजे आडवा धागा सुताचा, ही तिची खरी शान, आणि रेशमाचा उन्हाइतका दुसरा वैरी नाही. रंग उडणं राहू द्या, धागाच कुजतो. जी साडी आजी सावलीत वाळवायची ती काचेला टांगू नये. जुनी महेश्वरी वापरायचीच असेल तर पलंगाच्या डोक्याशी, काचेपासून लांब, पातळ प्लायवर ताणून लावा. तिथे ती सुंदर दिसेल आणि टिकेलही.

आता पॉलिएस्टर. ‘मिलच्या गावात राहून’ असा टोला तुम्ही मारलात. ताई, इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलचा भोंगा १९९१ मध्ये थांबला. सुतावरचं प्रेम मलाही आहे, पण त्यापायी फोमला बुरशी येऊ देणार नाही. सूत स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल साध्या हवेतून धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. याच गुणामुळे अंगाला सुती बरं वाटतं आणि याच गुणामुळे फोमवर कायमचं ठोकलेलं सुती कापड पावसाळ्यात कुबट होतं. हिशेब करून बघा. दोन माणसं बंद गाडीत रात्रभर झोपली की श्वास आणि घाम मिळून अर्धा लिटर पाणी सहज हवेत जातं. सकाळी चहा-पोहे आतच झाले तर त्यात भर, कारण एक किलो गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन निघतं. मांडूला श्रावणात गाडी लावलीत तर हे पाणी कुठे जाणार? गार काचेवर, पत्र्यावर, आणि गादीच्या खालच्या अंगाला, जिथे ती प्लायला चिकटून असते. म्हणून पलंगाचा प्लाय अखंड नको, पट्ट्यांचा हवा किंवा भोकं पाडलेला, आणि छतातला पंखा रात्री थोडा चालू ठेवायला हवा.

तेव्हा माझी मांडणी अशी: बसायच्या गादीचं पक्कं आवरण पॉलिएस्टरचं, जाड विणीचं. झोपताना त्यावर सुती चादर, आणि पाठीला-मानेला लागणाऱ्या उशांना सुती खोळी. घाम सूत शोषेल, सकाळी दोरीवर वाळेल. तुम्ही म्हणता तसं प्लास्टिकवर बसायला मी सांगितलेलं नाही. रेक्झिनच्या विरोधात तर मी तुमच्या पुढे एक पाऊल आहे. उन्हात त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ उडून जातो आणि ते शिवणीवर फाटतं. पांढऱ्या रेक्झिनवर नव्या जीन्सचा निळा डाग एकदा चढला की निघत नाही.

घासण्याचंही एक माप आहे, मार्टिंडेल. कापड किती घासण्या सहन करतं ते मोजतात. रोजच्या सोफ्याला २५,००० च्या पुढे चांगलं मानतात, आणि फिरत्या घरातली सीट दिवसा सोफा, रात्री पलंग, वर पुन्हा रस्त्याचे धक्के, म्हणून ४०,००० चं मिळालं तर घ्या. दुकानात गुबगुबीत शनील हाताला फार गोड लागतं, पण त्यात व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, किती ते विचारा. व्हिस्कोस आपल्या माळव्यातलंच, नागद्याला बनतं, साडीला झकास. पण ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि सीटवर चहा सांडणारच आहे. कापड खरंच कशाचं आहे याची शंका आली तर दोन धागे ओढून काडी लावा. सुती किंवा व्हिस्कोस कागदासारखं जळून राख होते, पॉलिएस्टर आक्रसून वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

मखमलीबद्दल एकच सांगतो: तिच्या लवेत धूळ बसते ती झाडून निघत नाही आणि बसल्याचा ठसा उमटतो. पुढे चला.

काडीवरून आठवलं, शेगडीपाशी तुम्हाला बाघची झालर लावायची आहे. तिथे कापडच नको, सुतीही नको आणि पॉलिएस्टरही नको. सूत भडकतं, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. शेगडीच्या तिन्ही बाजूंना स्टीलचा पत्रा, आणि पडद्याची रेल उघड्या ज्योतीपासून लांब संपवा. गाडीतल्या कापडासाठी आपल्याकडे आयएस १५०६१ हे मानक आहे, ते आगीबद्दलच आहे. बॉडीवाल्याला सांगा, सीटच्या कापडाचं आणि फोमचं त्याप्रमाणे प्रमाणपत्र दाखव. पण ‘फायर रिटार्डंट’ ऐकून निर्धास्त होऊ नका. अमेरिकेत १९७२ पासून असाच नियम आहे, त्यात आडवं धरलेलं कापड मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगानं जळता कामा नये, इतकीच अट आहे. म्हणजे पास झालेलं कापड जळत नाही असं नाही, तुम्हाला खाली उतरायला वेळ देतं.

राहिला दवाखाना. मी करडा म्हटलं नव्हतं, मध्यम छटेचा मिश्र धागा म्हटलं होतं, म्हणजे एकाच विणीत दोन-तीन रंगांचे धागे. हे दारापाशी आणि बसायच्या जागी. कारण धुळीलाही रंग असतो. आपली काळी माती फिक्या सीटवर राखाडी पट्टे ओढते. तुम्ही कोकणात जाणार आहात, तिथली जांभ्याची लाल माती पांढऱ्या सुतात शिरली की धुऊन गुलाबी राहते. आणि कच्छच्या रणात गेलात तर तिथलं पांढरं मीठ तुमच्या गडद मोरपंखीवर सगळ्यात आधी दिसेल. एकरंगी कापड, फिकं असो वा गडद, यातल्या कुठल्यातरी मातीशी हरतंच. मोरपंखी, तांबडा-तपकिरी आणि थोडा पांढरा असा मिश्र धागा मिळाला तर सीटसुद्धा तुमच्या मनासारखी होईल, दवाखान्याचं नाव कोणी काढणार नाही.

मोरपंखी घेताना एक बघा. दुकानातली ट्यूब निळसर पांढरी असते आणि तुम्ही गाडीत पिवळसर एलईडी पट्टी लावणार आहात. त्या उजेडात निळं फार कमी, म्हणून मोरपंखी रात्री मरगळलेला हिरवट दिसतो, आणि डाळिंबी खुलतो. दोन कापडं दुकानात जुळली म्हणून गाडीत जुळतील असंही नाही. तुकडा आणा, दुपारी दारात आणि रात्री त्याच पट्टीखाली ठेवा. माझ्या मते डाळिंबी आत, बिछान्याकडे, आणि मोरपंखी खिडकीच्या बाजूला, जिथे दिवसाचा उजेड त्याला मिळेल. कपाटांची दारं मात्र फिकी ठेवा. सहा फूट उंचीच्या डब्यात गडद सनमायका डोळ्यांवर येतो.

ड्रायव्हरच्या पुढ्यात काहीही फिकं अंथरू नका, हौसेची सुती पट्टीसुद्धा नको. त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि समोरचा रस्ता धूसर होतो. कंपनी डॅशबोर्ड काळा देते तो यासाठीच.

शिवायला टाकण्याआधी सगळं सुती कापड, बाघसकट, रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा काचेच्या वर सरकेल. गाद्यांच्या खोळींना चेन लांब बाजूला हवी, आखूड बाजूनं फोम परत आत जात नाही. आणि हातछपाईत एका थानाचा लाल दुसऱ्या थानाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून हिशेबापेक्षा दोन-तीन मीटर जास्त घ्या, त्याच थानातून. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती आहे ते आधी बॉडीवाल्याला कळवा, म्हणजे तो खिडकीचं माप त्याप्रमाणे घेईल आणि मधे जोड येणार नाही.