'स्टेबल आहे, हात लावू नका' म्हणणाऱ्यांसाठी

काल रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज: "मामा, हे खरं आहे का? आमच्या साहेबांना पटलंय." खाली लांबलचक फॉरवर्ड. सारांश असा: लिनक्सवाल्यांनी कर्नलच्या (म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्त्यांची मुदत 6 वर्षांवरून 2 वर आणून जगाला वाऱ्यावर सोडलं, ज्यांनी बनवलं त्यांनीच ते सांभाळायला हवं, आणि तुमच्याकडची एलटीएस 'स्टेबल' आहे, तेव्हा अपडेटच्या फंदात पडू नका.

भाचा भोसरीत मशीनची कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या छोट्या कंपनीत आहे, म्हणून शेवटचा मुद्दा आधी. कारण तो नुसता खुळा नाही, घातक आहे. स्टेबल म्हणजे गोठवलेलं नव्हे. नवीन सोयी त्यात येत नाहीत, पण मुख्य कर्नलमध्ये झालेल्या दुरुस्त्या निवडून जुन्या शाखेत, म्हणजे वेगळ्या सांभाळलेल्या जुन्या आवृत्तीत आणल्या जातात, बऱ्याचदा दर आठवड्याला. त्याला सकाळी फोनवरच पॅनेलवर 'यूनेम -आर' ही कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड टाकायला लावलं. उत्तर आलं 4.14.98, म्हणजे 4.14 शाखेचं 98 वं अपडेट. ही 4.14 शाखा जानेवारी 2024 मध्ये बंद झाली तेव्हा शेवटचा आकडा होता 336. म्हणजे 238 वेळा कोणीतरी दुरुस्त्या तपासून, जुळवून दारात आणून ठेवल्या आणि यांनी दार उघडलंच नाही. चिपवाल्याने बोर्डाबरोबर जे दिलं तेच अजून चालू. आणि '6 वर्षं का नाहीत' म्हणून गळा हेच काढणार! 60 दिली असती तरी यांचं पॅनेल 98 वरच बसलं असतं.

आता 'बनवणाऱ्यानेच सांभाळावं'. लिनक्स ज्या अटींवर मिळतं त्या जीपीएल लायसन्समध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलंय की हमी कसलीही नाही. पण लायसन्स सोडा, 5.10 चं उदाहरण घ्या. ही आवृत्ती डिसेंबर 2020 मध्ये आली आणि सांभाळायची मुदत जाहीर झाली ती डिसेंबर 2022 पर्यंतची. एका चिप कंपनीच्या इंजिनिअरने विचारलं, 6 वर्षं का नाहीत? स्टेबल शाखा सांभाळणाऱ्या ग्रेग क्रोआ-हार्टमनने उलट विचारलं: तुम्ही ही वापरणार का, तिच्या चाचण्या करून कळवणार का? कंपन्यांनी हात पुढे केल्यावर मुदत डिसेंबर 2026 पर्यंत वाढली. हाच प्रश्न फॉरवर्ड लिहिणाऱ्याला विचारा. ज्यांना 10 वर्षं हवी होती त्या सीमेन्स, तोशिबा, हिताची यांनी रडत न बसता 2016 मध्ये लिनक्स फाउंडेशनखाली सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाचा सामायिक प्रकल्प उभा केला आणि 4.4 पासूनची काही कर्नलं स्वतःच्या पैशाने सांभाळायला घेतली. ज्याला जुनं हवं त्याने खर्च उचलावा, एवढं साधं आहे.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. 2023 मध्ये 2 वर्षांची घोषणा झाली खरी, आणि पाच-सात वर्षं चालणारं यंत्र विकणाऱ्याला 2 वर्षं म्हणजे काहीच नाही. पण जुन्या शाखांना सांगितलेली 6 वर्षं मिळाली: 4.14 ला, 4.19 लाही. वाऱ्यावर कोणी सोडलं नाही.

भाच्याला सांगितलंय, चिपवाल्याला आजच मेल टाक: चालू शाखेवरचं कर्नल या बोर्डासाठी कधी देणार? आणि सीसीत साहेबांना ठेव.