पांडवलेणी पांडवांनी कोरली नाहीत

नाशिकच्या पांडवलेण्यांचा फोटो टाकून एक मजकूर हल्ली फिरतोय : ‘वनवासात पांडवांनी ही लेणी एका रात्रीत कोरली, राहायला खोल्या केल्या, आतल्या मूर्तीही त्यांच्याच.’ यातलं एकही विधान टिकत नाही, आणि ते खोडायला तिथल्या भिंतीच पुरेशा आहेत.

आधी ‘एका रात्रीत’. १९ क्रमांकाचं लेणं सातवाहन राजा कण्हाच्या काळातलं, इसवी सनापूर्वीचं. तिसरं लेणं सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षात बौद्ध भिक्षूंना दिलं. दोन्हींत शतकांचं अंतर आहे. यवन, म्हणजे ग्रीक वंशाच्या, इंद्राग्निदत्ताचं १७वं लेणं तर अर्धवटच राहिलं.

मग खोल्या कुणाच्या? हे उत्तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. वर्ष ४२, वैशाख महिना. लेणं भिक्षुसंघाला देऊन तो थांबला नाही. त्याने ३००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर महिना शेकडा एक, १००० वर पाऊण. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि इथे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ द्यायचे. हिशेब बरोबर जुळतो! पावसाळ्यात फिरस्ती थांबवून भिक्षू इथे राहायचे, त्यांच्यासाठी या खोल्या. प्यायला कातळात खोदलेली पाण्याची टाकी, शिलालेखांतली ‘पोढी’.

मूर्तींचं म्हणाल तर त्यातल्या बहुतेक बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या, महायान काळात घडवलेल्या. अकराव्या लेण्यात जैन मूर्तीही आहेत.

नाव मात्र लोकांनी खोटेपणाने दिलं असं मी म्हणणार नाही. ब्राह्मी वाचता येईनाशी झाली की भव्य कोरीवकाम पांडवांच्या नावे लागतं, हे आपल्याकडे अनेक लेण्यांचं झालंय. पण लेखांतलं डोंगराचं नाव ‘त्रिरश्मी’ आहे, आणि एका राजमातेचं, एका जावयाचं, अठराव्या लेण्यातल्या चैत्यासाठी, म्हणजे प्रार्थनागृहासाठी, दान देणाऱ्या धंभिक गावाचं नाव दगडावर असताना ते पुसून टाकणं मला सहन होत नाही.

जाणार असाल तर मुंबई-आग्रा महामार्गालगत, फाळके स्मारकाशेजारून पायऱ्या चढा. सकाळी लवकर निघा आणि आधी दहावं लेणं गाठा. अक्षरांना हात लावू नका. ती झिजत चालली आहेत.