पासवर्ड बरोबरच आहे हो!

महापेच्या एमआयडीसीतलं डेटा सेंटर. आत एसीने बोटं गारठलेली, आणि समोर कोरा करकरीत सर्व्हर म्हणतोय, 'पासवर्ड चुकीचा.' फोनवर साहेब: "नीट टाईप करा की!" अहो, नीटच करतोय!

दर नव्या सर्व्हरला हेच. इन्स्टॉल करणारा कीबोर्ड लेआउट यूकेचा ठेवून मोकळा. मग शिफ्ट धरून 2 दाबलं की ॲट द रेटच्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं. पासवर्डच्या रकान्यात नुसते ठिपके, कळणार कसं? युजरनेमच्या रकान्यात ते एकच चिन्ह टाईप करून बघायचं (अख्खा पासवर्ड नको, लॉगमध्ये जाऊन बसतो), तेव्हा भानगड दिसते.

लिनक्स असेल तर वेगळा तमाशा. उबुंटू नावाच्या लिनक्सात रूटचा (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) पासवर्ड मुळात बंदच. इतरत्र तो चालू असला, तरी ओपनएसएसएचने (दुरून लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरने) 2015 पासून रूटला पासवर्डवर आत घेणं डिफॉल्टमध्येच थांबवलंय; त्याऐवजी 'की', म्हणजे किल्लीसारखी वापरायची फाईल, लागते. म्हणून कन्सोलवर, म्हणजे थेट सर्व्हरसमोर बसून, चालणारा पासवर्ड रिमोटवरून चालत नाही. ते शहाणपणाचंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या हँडओव्हरच्या कागदाबद्दल! त्यावर आयपी, रॅक नंबर, सही, शिक्का, सगळं. लेआउट कोणता, ती 'की' फाईल कुणाकडे, याचा पत्ता नाही. व्हेंडरच्या माणसाला फोन लावावा तर, "सर, मी ऐरोलीला पोचलो, आता उद्याच बघू."

आणि साहेबांचा पुन्हा फोन. "कॅप्स लॉक बघितलंत का?"