तीन व्यायाम, घोटा आणि आखाडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत याबद्दल आभार. तुमचा राग मुलीच्या काळजीपोटी आलाय, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताईंची मुलगी कबड्डी खेळते. तिचा घोटा मुरगळला आणि डॉक्टरांनी रबर बँडचे तीन व्यायाम दिले. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की दुखणं उतरल्यावर वेगवेगळ्या जमिनीवर चाला, आडवं चाला, मागे चाला. ताई म्हणतात, अशा लिखाणामुळे मुलं दिलेले व्यायाम सोडून देतात. पाय पुन्हा मुरगळला तर जबाबदार कोण? शिवाय त्यांच्या वडिलांनी तालमीत जन्मभर जोर-बैठकाच काढल्या आणि पंचाहत्तरीतही ते नाशिकची पांडवलेणी चढतात. त्यांना असल्या नखऱ्यांची कधी गरज पडली नाही.

ते तीन व्यायाम बंद करा असं मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू त्यांनीच सावरतात. पण ते तीन नीट जमले म्हणजे पाय मॅटवर उतरायला तयार झाला, हे मला मान्य नाही.

घोटा आत वळून मुरगळतो तेव्हा बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा, ताणलं जातं, कधी त्याचे तंतू तुटतात. पाय किती कललाय, कुठे टेकलाय ही खबर मेंदूला देणारी नसांची टोकंही तिथेच असतात. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण ही खबर बरेच दिवस उशिरा किंवा अर्धवट पोचत राहते. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. तोल सांभाळण्याच्या सरावाने ती शक्यता कमी होते, हे खेळाडूंवरच्या अभ्यासांत दिसून आलंय.

माझ्याकडे येणाऱ्या खेळाडूंमध्ये हे नेहमी दिसतं. मुलगी भिंतीकडे बघत दुखऱ्या पायावर छान उभी राहते, अजिबात हलत नाही. मग मी तिच्याकडे टेनिसचा चेंडू टाकते, थोडा बाजूला. चेंडू हातात येतो, पण पायाची बोटं जमिनीला घट्ट रोवली जातात, घोटा लाकडासारखा ताठ होतो आणि दुसरा पाय धप्पकन खाली येतो. नजर आणि मन पायावर होतं तोवर सगळं ठीक होतं. चढाईत ते दोन्ही समोरच्या सात जणींवर असणार. त्यातली एखादी घोटाच पकडायला वाकलेली असेल आणि तेव्हाच हिला एका पायावर गर्रकन वळून मध्यरेषा गाठायची असेल. रबर बँड हे कसं शिकवणार?

१९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञाने हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हालचाली टिपल्या. घाव बरोबर जागी पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे कोन दर घावाला थोडे वेगळे होते. एक सांधा जरा चुकला की दुसरा सांभाळून घ्यायचा. कसब म्हणजे एकच हालचाल घोटून पक्की करणं, ही आपली समजूत तिथेच अपुरी ठरली. मुरगळलेल्या घोट्याला नेमकी हीच सांभाळून घेण्याची ताकद परत मिळवायची असते.

आता तुमच्या वडिलांच्या तालमीबद्दल, कारण हा मुद्दा मला मनापासून आवडला. त्यांनाच विचारा, जोर-बैठका झाल्यावर काय करायचे? हौदा, म्हणजे आखाड्याची माती, उकरायचा, मग खडाखडी, म्हणजे उभ्याने हातांची झटापट, मग लढत. आज समोर जड गडी, उद्या चपळ गडी. पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, तोच, पण दरवेळी वेगळ्या उंचीवरून काढावा लागतो आणि भुसभुशीत मातीत पाऊल प्रत्येक वेळी वेगळं रुततं. पेशवाईच्या उत्तरार्धात व्यायामगुरू बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नव्याने रुजवला तोही मल्लांच्या तयारीसाठीच. आपल्या तालमीइतका विविध हालचालींचा व्यायाम मला तरी दुसरा माहीत नाही. ते नखरे नव्हते, ताई, आणि मीही नखरे सांगत नाहीये.

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज त्याच दिशेने, त्याच वेगाने, तेवढंच अंतर पळणाऱ्यांनाही हे लागू आहे. तोच भार त्याच जागी पडत राहिला की नडगी किंवा टाच कुरकुरते. आठवड्यातून एखाद-दोनदा चढ, पायऱ्या, गवत घ्या.

तुमची एक भीती मात्र रास्त आहे, ती घाईची. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे. तिथे माझा लेख लागूच होत नाही. ऑपरेशन झालं असेल तर सर्जन सांगतील तेव्हाच. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाय बघावा. आदल्या संध्याकाळपेक्षा सूज किंवा दुखणं वाढलं असेल तर एक पायरी मागे यायचं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, 'ती एका पायावर टाच उचलू शकते, आता तोलाचा सराव सुरू करू का?' ते 'अजून नाही' म्हणाले तर अजून नाही. 'हो' म्हणाले तर घरात भिंतीजवळ, अनवाणी, चेंडूपासून सुरुवात करा. मग गोदापार्कच्या गवतावर आडवं आणि मागे चालणं, मग हलकं पळणं. उडी आणि वळण सगळ्यात शेवटी, आणि तेही आधी एकटीने; पकडीला मैत्रीण त्यानंतर. तीन व्यायाम तोवर चालूच ठेवा.