वेग आधी की जागा आधी? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. गेमिंग कॉम्प्युटरसाठी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी जलद ड्राइव्ह) कशी निवडावी, हा माझा लेख तुम्हाला पटला नाही आणि तुम्ही तसं सरळ लिहिलंत, हे बरं केलंत. तुमचे आक्षेप तीन. एक, ५०० जीबीच्या जलद ड्राइव्हऐवजी १ टीबीची साधी घ्या, असं सांगून मी मुलांना जुना माल गळ्यात मारतोय. दोन, डायरेक्टस्टोरेज (ड्राइव्हवरचा डेटा गेमला झटपट पोचवणारी विंडोजची सोय) आल्यामुळे जेन थ्रीचे, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या जोडणीवर चालणाऱ्या ड्राइव्हचे, दिवस भरले. तीन, स्वस्त ड्राइव्ह मोठी कॉपी सुरू झाली की मान टाकतात, यावर मी अवाक्षर काढलं नाही.

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य. ती माझी चूक आहे, आणि मूळ लेखात आज दुरुस्ती घालतोय. "१ टीबी घ्या" एवढं सांगून भागत नाही, आतली मेमरी टीएलसी आहे की क्यूएलसी हे विचारायलाच हवं. क्यूएलसीत एका पेशीत चार बिट कोंबलेले असतात, टीएलसीत तीन. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओचं उदाहरण घ्या. १ टीबीच्या मॉडेलमध्ये सुरुवातीचे ४२ जीबीपर्यंत वेगात लिहिले जातात, पुढे वेग सेकंदाला ८० एमबीवर येतो. म्हणजे चांगल्या हार्ड डिस्कच्याही खाली. शिवाय एकूण किती डेटा लिहिता येईल याची हमी ३६० टीबी. त्याच कंपनीच्या टीएलसीवाल्या ८७० इव्होला ६०० टीबी. मात्र घरी १०० एमबीपीएसच्या लाइनवरून गेम उतरवताना सेकंदाला जेमतेम १२ एमबी येतात, तेव्हा ही घसरण जाणवत नाही. ती जाणवते मित्राच्या ड्राइव्हवरून शंभर जीबीचा गेम कॉपी करताना. आपल्याकडे मुलं तसं करतातच, म्हणून हे लिहायला हवं होतं.

पहिल्या आक्षेपावर मात्र मी ठाम आहे. जेन फोर ड्राइव्हच्या खोक्यावर छापलेला सेकंदाला ७००० एमबीचा आकडा मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो. गेम लोड होताना हजारो लहान तुकडे इकडून तिकडून उचलले जातात, आणि त्या कामात जेन थ्री आणि जेन फोर यांच्यातलं अंतर फार कमी उरतं. आणलेला डेटा उलगडायचं काम प्रोसेसरचं, शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करायचं कामही त्याचंच. तिथे ड्राइव्ह नुसती वाट बघत बसते. हार्ड डिस्कवरून साध्या साटा (जुन्या, संथ जोडणीच्या) एसएसडीवर आलात तर लोडिंगमधला फरक डोळ्यांना दिसतो. साटावरून एनव्हीएमईवर (जेन थ्री, जेन फोर या त्याच जलद प्रकारच्या पिढ्या) आलात तर काही सेकंदांचा. त्यापुढचा फरक बघायला घड्याळ लावून बसावं लागतं. आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा? तो ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर देतात.

जागेचं दुखणं मात्र रोजचं. १ टीबी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी लागतात, स्टारफील्डला १२५. दोघांनाही एसएसडी आवश्यक. विंडोज धरून ४६५ मध्ये किती मावणार, तुम्हीच हिशेब करा.

माझ्या भाच्याचं सांगतो. इंदूरला रामबागेतल्या घरी वर्षभर पैसे साठवून त्याने कॉम्प्युटर जुळवला. एका दुकानात त्याला "भिया, यही लो, सबसे फास्ट" म्हणून ५०० जीबीची जेन फोर ड्राइव्ह दिली. मदरबोर्ड होता बी४५०. त्या बोर्डावर जेन फोर मिळतच नाही, त्यामुळे ड्राइव्ह जेन थ्रीच्याच वेगाने चालते, सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपास. जास्तीचे पैसे गेले, जागा अर्धी मिळाली, आणि आता नवा गेम टाकायचा तर जुना काढावा लागतो. मूळ लेख मी त्याच्याकडे बघूनच लिहिला होता. बोर्डाचं मॅन्युअल आधी उघडा, हे मी पुन्हा सांगेन. कोणता एम.टू स्लॉट (ड्राइव्ह बसवायची खाच) थेट प्रोसेसरला जोडलाय, तो साटा घेतो की एनव्हीएमई, आणि तो भरला की साटाचे कुठले पोर्ट बंद पडतात, सगळं त्यात असतं.

डायरेक्टस्टोरेजचं म्हणाल, तर ते विंडोजवर २०२२ साली आलं आणि जानेवारी २०२३ मध्ये फोरस्पोकनने ते पहिल्यांदा वापरलं. त्याचा खरा फायदा एनव्हीएमई ड्राइव्हवर मिळतो, हे खरं. पण जेन थ्रीची एनव्हीएमईही त्याला चालते. म्हणजे तुमचा मुद्दा साटाविरुद्ध लागू पडतो, जेन थ्रीविरुद्ध नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, "स्वतःच्या भावाला कोणती घेऊन द्याल?" १ टीबीची टीएलसी एनव्हीएमई. बोर्ड जेन फोरचा असेल आणि दुकानदार जेन थ्री आणि जेन फोर एकाच भावात देत असेल तर जेन फोर, त्यात मला काडीचीही हरकत नाही. ड्राइव्हमध्ये डीरॅम (तिची स्वतःची छोटी जलद मेमरी) नसली तरी चालेल, गेमसाठी अशी ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या मेमरीतला थोडा भाग वापरून भागवते. त्याहून नव्या जेन फाइव्हचे पैसे वाचवून ग्राफिक्स कार्डात घालेन. सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर बोर्डाचा मॉडेल नंबर कागदावर लिहून न्या. इथे खाली लिहिलात तरी चालेल, मी मॅन्युअल बघून स्लॉट सांगतो.