ती खाली उतरली, ते योग्यच केले

आज सकाळी माझ्या एका मैत्रिणीने फेसबुकवरून स्वतःचे एक छायाचित्र काढून टाकले. आम्ही थायलंडमध्ये कडे चढायला गेलो होतो. तिथल्या रायलेच्या कातळाखाली भिजलेला दोर खांद्यावर घेऊन ती उभी आहे आणि वर कातळात बसवलेला एक बोल्ट (दोर अडकवायचा धातूचा खिळा) चमकतो आहे, एवढेच त्यात होते; आपण त्या बोल्टपासून खाली उतरलो, असे तिने सोबत लिहिले होते. त्याखाली ओळखीच्याच माणसांनी ‘एवढा खर्च करून पावसाला घाबरून परत आलात?’ आणि ‘बोल्ट तर चकचकीत दिसतोय, मग अडले कुठे?’ असे लिहिले, आणि त्यावर हसणाऱ्यांची रांग लागली. ती कोणाला काही बोलली नाही. मला मात्र गप्प बसवत नाही, कारण त्या दिवशी तिला बिले मी देत होते, म्हणजे ती पडली तर थांबवण्यासाठी खालून दोर मी धरला होता.

रायले आणि शेजारचे टोनसाय हे क्राबीजवळचे, चुनखडीच्या उंच कड्यांनी मागून बंद केलेले किनारे आहेत, त्यामुळे तिथे सहसा बोटीनेच जातात. अंदमान समुद्राच्या त्या बाजूला नैऋत्य मोसमी पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर असतो, म्हणून चढाईचा हंगाम नोव्हेंबरपासून धरतात. आम्ही हंगामातच गेलो होतो, तरी पावसाने गाठलेच. जाताना बोटीत लाट आली आणि सामानाची पिशवी खाऱ्या पाण्याने भिजली. दुसऱ्या दिवशी काही कॅराबिनरची (दोर अडकवायच्या धातूच्या कड्यांची) उघडमीट होणारी गेट उघडल्यावर अर्ध्यात अडकू लागली, बोटाने ढकलल्याशिवाय मिटेनात. गोड्या पाण्याने धुऊन, तेल घालूनही जी सुधारली नाहीत ती आम्ही बाजूला ठेवली. हवेत इतका दमटपणा होता की दोर दिवसभर सावलीत पसरूनही ओलसरच राहिला. ओला नायलॉनचा दोर नुसता जड होत नाही, पडण्याचा झटका सोसण्याची त्याची क्षमताही बरीच कमी होते, हे दोर वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

अशा स्थितीत, पाऊस थांबल्यावर, छपरासारख्या पुढे आलेल्या कातळाखालचा एक कोरडा मार्ग आम्ही निवडला. ती लीड करत होती, म्हणजे पुढे चढत वाटेतल्या बोल्टांना दोर अडकवत होती. खालचे बोल्ट जाड, करडे, दगडात घट्ट होणाऱ्या रासायनिक डिंकाने बसवलेले टायटॅनियमचे होते. त्यांच्या वरचा बोल्ट मात्र जुना, स्टीलचा आणि खरोखरच चकचकीत होता. ती तिथे पोहोचली, पण तिने बोल्टला दोर जोडणारा क्विकड्रॉ लावला नाही. हँगरच्या (बोल्टवरच्या भोकाच्या पट्टीच्या) मागे, जिथे दांडा दगडात शिरतो तिथे, तपकिरी, गंजट पाण्याचा एक बारीक ओघळ सुकलेला होता. तो तिने बराच वेळ न्याहाळला आणि शांतपणे म्हणाली, “ताई, मी उतरते.” बोल्टवर अजिबात भार न टाकता ती हातापायांवर खाली आली, कातळातल्या आरपार भोकातून स्वतःची नवी स्लिंग (मजबूत पट्ट्याचा फास) ओवली, तिला एक कॅराबिनर लावला आणि मग मी तिला खाली सोडले. शेजारच्या दोरावरचा एक जण तेव्हाही हसला होता.

चकचकीत आहे म्हणून बोल्ट पक्का आहे, असे समजणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. उष्ण समुद्रकिनाऱ्यावर स्टेनलेस स्टील साध्या लोखंडासारखे गंजून पापुद्रे टाकत नाही. समुद्राचे क्षार, ऊब आणि धातूत आधीच असलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की त्याला आतून सूक्ष्म चिरा पडतात, आणि बाहेरून बोल्ट नव्यासारखा दिसत असताना अगदी थोड्या भाराने तुटू शकतो. जहाजांवर वापरतात ते ३१६ दर्जाचे स्टीलसुद्धा याला अपवाद नाही. २५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टनांचा भार सोसण्यासाठी बनवलेला बोल्ट नुसते लटकल्यावर निखळला, असे अनुभव याच किनाऱ्याने दिले आहेत. त्यातही ज्या छपरामुळे आपण पावसात कोरडे राहतो, त्याच छपराखाली पावसाचे पाणी बोल्टवरचे क्षार धुऊन नेत नाही, ते वर्षानुवर्षे साचत राहतात. म्हणजे आम्हाला सर्वांत सुरक्षित वाटणारी जागाच धातूसाठी सर्वांत वाईट होती. आणि लीड करणारा पडतो तेव्हा सर्वांत वरच्या बोल्टवर त्याच्या झटक्याबरोबर बिले देणाऱ्याच्या बाजूचा ताणही येतो. हे सगळे घरी बसून छायाचित्रातल्या चकाकीवरून कसे ठरवता येते, ते मला कोणीतरी समजावून सांगावे.

प्रत्येक जुना बोल्ट तुटतोच असे नाही, आणि भीतीला सावधगिरीचे नाव देणारेही असतात, हे मी मान्य करते. तिच्या बाबतीत ते लागू नाही. त्याच आठवड्यात, दोर बरा सुकल्यावर, तिने टायटॅनियम बसवलेला याहून कठीण मार्ग न थांबता चढला होता. त्याचे छायाचित्र तिने टाकले नाही, कारण तिला त्यात सांगण्यासारखे काही वाटले नाही. तिच्या मते त्या सहलीतला तिचा सर्वांत चांगला निर्णय खाली उतरण्याचा होता, आणि तेच तिने अभिमानाने आपल्यासमोर ठेवले होते.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, म्हणून ज्यांच्यामुळे आपण तिथे चढू शकतो त्यांच्याविषयीही लिहिते. या किनाऱ्यावरचे स्टीलचे बोल्ट काढून टायटॅनियम बसवण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे, आणि ते मुख्यतः देणग्यांवर आणि चढणाऱ्यांच्याच श्रमांवर उभे आहे. टायटॅनियम स्टीलपेक्षा बरेच महाग असते. प्रत्येक भोक दोरावर लटकून पाडावे लागते, ब्रशने आणि हवेने स्वच्छ करावे लागते, डिंक भरावा लागतो आणि तो पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबावे लागते. ओल्या दगडात तर हे काम नीट होतच नाही, म्हणून पावसाचे दिवस फुकट जातात. आपण मात्र विमानाच्या तिकिटाचा खर्च मोजतो आणि बोल्ट फुकट मिळाले असे समजतो. या हंगामात जे जाणार आहेत त्यांनी या कामाला थोडे पैसे द्यावेत, कोणते मार्ग नव्याने बोल्ट केले आहेत हे तिथल्या चढणाऱ्यांना विचारावे, आणि मागे सोडायला लागली तर चालेल अशी एक स्लिंग आणि कॅराबिनर कमरेच्या हार्नेसला (पट्ट्याला) ठेवावा.

‘कॅराबिनर वाया घालवला’ असेही एकाने लिहिले होते. तो कॅराबिनर माझा होता आणि मला त्याचे जराही दुःख नाही. आम्ही दोघी पुन्हा तिथे जाणार आहोत. त्या मार्गावर तोवर टायटॅनियम बसले असेल तर ती लीड करेल, नसेल तर आम्ही शेजारचा मार्ग चढू.